तालमीचे दार: लाल मातीत घडलेल्या सवयींचा इतिहास

१/
तालमीत पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या मुलाला वस्ताद डाव शिकवत नाही. तो त्याच्या हाती खोरे देतो. हौद्यातील माती आधी खणायची, ढेकळे फोडायची, खडे वेचायचे, पाणी शिंपडायचे. कुस्ती नंतर. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांचे शिक्षण या खोऱ्यापासून सुरू झाले. मुलांच्या अंगी चांगल्या सवयी बाणवण्याची ही रीत कशी घडली आणि तिचे दार कोणासाठी उघडे, कोणासाठी बंद होते, याचा मागोवा घेणारा हा थ्रेड.

२/
आरंभ शब्दापासून करावा. ‘तालीम’ हा शब्द अरबी भाषेतून आला. ज्ञान या अर्थाच्या ‘इल्म’ शब्दाशी त्याचे मूळ जोडलेले आहे आणि त्याचा मूळ अर्थ आहे शिक्षण. उर्दूत शाळेतील शिक्षणाला आजही तालीमच म्हणतात. मराठीत मात्र हा शब्द आखाड्याच्या मातीत उतरला, आणि पुढे नाटकाच्या सरावालाही लागला. ‘वस्ताद’ म्हणजे फारसीतील ‘उस्ताद’, म्हणजे गुरू. आखाडा ही एक शाळा आहे, ही जाणीव मराठी भाषेने शब्दांतच जपून ठेवली आहे.

३/
दुसरा शब्द त्याहून बोलका आहे. एखादी गोष्ट सवयीची झाली की मराठी माणूस म्हणतो, ती ‘अंगवळणी पडली’. अंगाला वळण लागले, म्हणजे सवय जडली. सवय डोक्यात रुजण्याआधी अंगात रुजते, हे निरीक्षण या शब्दामागे आहे. तालमीचे सारे शास्त्र याच निरीक्षणावर उभे आहे. मुलाला उपदेश थोडा करायचा आणि त्याच्या अंगाकडून एकच गोष्ट रोज, त्याच वेळी, त्याच जागी करून घ्यायची.

४/
या शास्त्राचा जुना आणि तपशीलवार पुरावा ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात सापडतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेला हा ग्रंथ १२व्या शतकाच्या पूर्वार्धातील. राजाच्या करमणुकींचे वर्णन करताना तो मल्लविद्येकडे वळतो. वय, शरीर, बळ आणि कौशल्य पाहून मल्लांची प्रतवारी कशी करावी, हे तो सांगतो. नवशिक्याचा वर्ग त्यात वेगळा आहे. प्रौढ मल्लाचे ओझे कोवळ्या मुलावर टाकू नये, ही समज नऊशे वर्षांपूर्वीची आहे.

५/
मानसोल्लासातील सरावाची यादी आजच्या वाचकालाही ओळखीची वाटेल. वाळूची पोती उचलणे हा भारश्रम. पहाटे चालणे-धावणे हा भ्रमणश्रम. पाण्यात पोहणे हा सलिलश्रम. शिवाय बाहूंचे बळ वाढवणारे झटापटीचे श्रम आणि खांबावर करायचा स्तंभश्रम. हे सगळे एकाच दिवशी उरकायचे नसून त्यांच्या वेळा आणि पाळ्या ठरलेल्या होत्या. स्तंभश्रमाच्या या उल्लेखाकडे मल्लखांबाचे पूर्वरूप म्हणून पाहिले जाते.

६/
पुढच्या काळात गावोगावी जी तालीम दिसते तिचे घड्याळ ठरलेले असे. सूर्य उगवण्याआधी उठणे, प्रातर्विधी, मारुतीला नमस्कार, मग जोर, बैठका, सपाट्या. त्यानंतर करेल, जोडी, गदा. मग माती. संध्याकाळी पुन्हा तेच. मारुतीची मूर्ती वा तसबीर नसलेली तालीम क्वचितच सापडेल. १७व्या शतकात समर्थ रामदासांनी स्थापलेल्या मारुतींमुळे बळाची आणि भक्तीची ही सांगड महाराष्ट्रात अधिक घट्ट झाली.

७/
मुलाला पहिल्या दिवशी शंभर जोर मारायला कोणी लावत नसे. पाचापासून सुरुवात व्हायची आणि दर काही दिवसांनी आकडा वाढायचा. वाढ इतकी सावकाश की अंग कुरकुरत नसे. पण वर्षाअखेर मागे वळून पाहिले तर मूल कोठल्या कोठे पोहोचलेले असे. आज ज्याला सवयींचे मानसशास्त्र म्हणतात, त्यातील लहान पाऊल, ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि सोबतीचा गट ही चारही सूत्रे तालमीत होती. फक्त त्यांना वेगळे नाव नव्हते.

८/
खोऱ्याचे काम मुलाला देण्यामागे दोन हेतू होते. पहिला व्यवहारी. माती मऊ नसली तर हाडे मोडतात, म्हणून ती रोज उकरावी लागते. तिच्यात तेल, हळद, ताक मिसळून ती निगुतीने राखावी लागते. दुसरा हेतू शिक्षणाचा. जी जागा स्वतःच्या हातांनी तयार केली तिची बेअदबी मूल करत नाही. थोरामोठ्यांची मुले असोत की मोलकऱ्यांची, खोरे प्रत्येकाच्या वाट्याला यावे, ही चांगल्या वस्तादाची कसोटी मानली जाई.

९/
तालमीचे काही नियम न लिहिलेले. पण लिहिलेल्या नियमांहून कडक होते. पायताण बाहेर. हौद्यात उतरताना माती कपाळाला. वस्तादासमोर आवाज चढवायचा नाही. विडी-तंबाखूला शिवायचे नाही. थोरल्याने धाकट्याची मालीश करण्यात कमीपणा मानायचा नाही. भांडण बाहेर झाले तर तालमीत शिकलेला डाव रस्त्यावर वापरायचा नाही. बळ वाढवण्याइतकेच ते आवरायला शिकवणे, हे वस्तादाचे काम होते.

१०/
आणखी एक धडा मातीच देते, तो म्हणजे पडण्याचा. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागला, वाद नाही. रोज पाच-दहा वेळा चितपट होणारे मूल हरण्याला सरावते. ते उठते, अंगाची माती झटकते, समोरच्याच्या हाताला हात लावते आणि पुन्हा उभे राहते. हरण्याची लाज न वाटणे आणि जिंकल्याचा माज न चढणे, या दोन्ही गोष्टी एकाच हौद्यात शिकवल्या जात.

११/
या परंपरेला नवे वळण दिले ते बाळंभटदादा देवधर यांनी. दुसऱ्या बाजीराव पेशव्याच्या पदरी असलेले हे व्यायामगुरू. मल्लखांबाची विस्मरणात गेलेली विद्या त्यांनी पुन्हा उभी केली, असे परंपरा मानते. त्यांच्याविषयीची आख्यायिका प्रसिद्ध आहे. हैदराबादकडील अली आणि गुलाब हे दोन मल्ल पुण्याच्या दरबारात आले आणि त्यांनी आव्हान दिले. कोणी पुढे येईना. तेव्हा तरुण बाळंभटांनी मुदत मागून आव्हान स्वीकारले.

१२/
आख्यायिका पुढे सांगते की बाळंभट वणीच्या सप्तशृंगी गडावर गेले. तेथे उपासना करताना त्यांना मारुतीचा प्रसाद झाला आणि लाकडी खांबावर खेळण्याची विद्या मिळाली. परत येऊन त्यांनी गुलाबला चीत केले आणि अलीने लढत टाळली. कथेतील दैवी भाग बाजूला ठेवला तरी तिच्यातील शहाणपण उरतेच. तरुणाने उतावीळपणे शड्डू ठोकला नाही. त्याने आधी वेळ मागितला, एकांतात सराव केला आणि मगच तो हौद्यात उतरला.

१३/
मुलांच्या दृष्टीने मल्लखांबाचे महत्त्व फार मोठे आहे. कुस्तीला जोडीदार लागतो, आणि बळकट जोडीदारासमोर लहान मूल दबते. खांब मात्र उलट मारत नाही. सुमारे अडीच मीटर उंचीचा, वर निमुळता होत जाणारा, एरंडेल लावलेला हा सागवानी वा शिसवी खांब म्हणजे न रागावणारा, न थकणारा प्रतिस्पर्धी. येथे वजनदार शरीरापेक्षा हलके, लवचीक शरीर सरस ठरते. म्हणून मल्लखांब मुलांचा खेळ झाला.

१४/
खांबावर मूल आधी अढी शिकते. पायांनी खांबाला घट्ट विळखा घालून हात सोडायचे, एवढेच. एवढ्याशा गोष्टीत सारी भीती गोळा झालेली असते. अढी पक्की झाली की डोके खाली आणि पाय वर गेले तरी मूल घाबरत नाही. मग तेढी, मग सलामी, मग पुढची चढण. एक पायरी पक्की झाल्याखेरीज दुसरी नाही. वस्ताद खांबाशेजारी हात पसरून उभा असतो. धरत नाही, पण पडूही देत नाही.

१५/
१८१८ साली पेशवाई बुडाली. दुसरा बाजीराव कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला गेला आणि त्याच्याबरोबर मल्लखांबाची विद्याही उत्तरेत पोहोचली. तेथील वाड्यात वाढलेल्या मुलांत नानासाहेब होते, आणि मोरोपंत तांबे यांची मनकर्णिका, पुढची राणी लक्ष्मीबाई, हीसुद्धा होती. मुलांच्या बरोबरीने तिला घोडदौड आणि शस्त्रविद्या शिकायला मिळाली, असे परंपरा सांगते. मुलीसाठी हे दार त्या काळी उघडे असणे हा अपवाद होता.

१६/
आता त्याच पेशवाईतल्या तालीमखान्याकडे बाहेरून पाहावे. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात मुक्ता साळवे या शाळकरी मुलीचा निबंध छापून आला. विषय होता मांग-महारांचे दुःख. त्यात ती लिहिते की बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यासमोरून मांग वा महार गेला, तर त्याचे शिर उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू केला जाई. एका बाजूला खांबावर सवयी घडवणारे गुरू, दुसऱ्या बाजूला दारासमोरून जाण्याचीही भीती. तालमीच्या इतिहासाला ही दोन्ही पाने आहेत.

१७/
मुक्ता ज्या साळवे घराण्यातील, त्याच घराण्यात एक मोठा वस्ताद होऊन गेला. लहुजी राघोजी साळवे यांचा जन्म १७९४चा, पुरंदरच्या परिसरातला. त्यांचे वडील राघोजी १८१७च्या खडकीच्या लढाईत पडले, असे परंपरा सांगते. मांग समाजातील या माणसाने पुण्याच्या गंज पेठेत तालीम चालवली. दांडपट्टा, तलवार, निशाणबाजी, कुस्ती यांत त्यांचा हातखंडा होता. ज्यांच्या समाजाला तालमीसमोरून जाता येत नव्हते, त्यांनी स्वतःचीच तालीम उभारली.

१८/
लहुजींच्या तालमीत आलेल्या तरुणांत जोतीराव फुले होते आणि त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे होते. माळ्याचा मुलगा आणि ब्राह्मणाचा मुलगा, दोघेही मांग वस्तादाला गुरू मानून त्याच्या पायाशी बसले. १८४०च्या दशकातील पुण्यात हे साधे नव्हते. जोतीराव तेथे दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. पण ज्याचा स्पर्श समाज टाळतो, त्याच्याशी रोज अंगाला अंग लावून सराव करणे, हाही एक सराव होता. विषमतेची सवय तेथे मोडली गेली.

१९/
१८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. दगड-शेणाचा मारा, बहिष्कार, धमक्या, सगळे झाले. त्या दिवसांत लहुजी वस्ताद शाळांच्या पाठीशी उभे राहिले आणि त्यांनी आपल्या समाजातील मुलांना शाळेकडे वळवले. मुक्ता त्या शाळांपैकीच एकीत शिकली. तालीमखान्यासमोरील भीती शब्दांत मांडण्याचे बळ तिला पाटीने दिले, आणि त्या पाटीमागे एक तालीम उभी होती.

२०/
तालमीने घडवलेली सवय नेहमी उजेडाकडेच नेते, असे मात्र नाही. १८७८च्या शस्त्रकायद्यानंतर हत्यारांवर निर्बंध आले आणि तरुणांचा ओढा लाठी, मल्लखांब, सामुदायिक व्यायाम यांकडे वाढला. १८९०च्या दशकात दामोदर चापेकर आणि त्यांच्या भावांनी मुले जमवून असाच व्यायामाचा गट चालवला. २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. त्या धैर्याला वंदन करणारे अनेक आहेत. पण दामोदरपंतांच्या आत्मवृत्तात परधर्मीयांविषयी आणि सुधारकांविषयी धगधगता द्वेषही आहे.

२१/
हा मुद्दा निसटता कामा नये. पहाटे उठणे, आज्ञा पाळणे, वेदना सोसणे, गटाशी एकनिष्ठ राहणे, या सवयींना स्वतःची दिशा नसते. त्या ज्या हाती जातील तिकडे वळतात. लहुजींच्या तालमीतून समतेचा कैवारी निघाला. दुसऱ्या एखाद्या गटातून तीच शिस्त द्वेषाच्या कामीही आली. मुलाला कोणता व्यायाम शिकवला जातो, याइतकाच तो कोण शिकवतो आणि कशासाठी शिकवतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

२२/
या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर बडोद्याने दिले. तेथे जुम्मादादा नावाचे मुसलमान उस्ताद आखाडा चालवत. त्यांचा सर्वांत आवडता शिष्य होता गजानन यशवंत माणिकराव, एक मराठी हिंदू मुलगा. जुम्मादादांनी आपली विद्या आणि आपला आखाडा या शिष्याच्या हाती सोपवला. पुढे ‘राजरत्न’ म्हणून मान मिळवलेल्या प्रा. माणिकरावांनी संस्थेला गुरूचेच नाव ठेवले. श्री जुम्मादादा व्यायाम मंदिर हे नावच एक शिकवण आहे.

२३/
माणिकरावांनी तालमीला आधुनिक शाळेच्या जवळ आणले. जुना आखाडा वस्ताद आणि शिष्य यांच्या जोडीवर चाले. एका वेळी मोजकीच मुले शिकत. माणिकरावांनी शेकडो मुलांना एकाच वेळी, एका तालात करता येईल अशा सांघिक व्यायामाची पद्धत बसवली आणि कवायतीच्या इंग्रजी हुकमांऐवजी देशी भाषेतील हुकूम वापरात आणले. याच बडोद्यात पुढे द. चिं. मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे १० खंड संपादित केले. वस्तादाच्या तोंडी असलेले ज्ञान छापील झाले.

२४/
विदर्भात हेच काम अमरावतीने केले. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंत कृष्ण वैद्य या बंधूंनी सुरू केलेल्या आखाड्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. मंडळाचा भर मुलांइतकाच शिक्षक घडवण्यावर होता. उन्हाळी वर्गात शिकून गेलेला शिक्षक आपल्या गावी शंभर मुलांना शिकवी. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे मल्लखांबासह देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. गावच्या खांबाला जगाचे अंगण मिळाले.

२५/
कोल्हापूरची गोष्ट राजाश्रयाची आहे. १८९४ साली गादीवर आलेले राजर्षी शाहू महाराज स्वतः मल्ल होते. रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिल्यानंतर त्यांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले. ते १९१२ साली पूर्ण झाले. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी, काळा इमाम अशा तालमींनी शहर गजबजले. महाराजांनी अस्पृश्य समाजातील मल्लांनाही आश्रय दिला आणि जातिवाचक हाकांऐवजी ‘जाठ पैलवान’, ‘पंडित’ अशी मानाची संबोधने दिली. तालमीचे दार येथे राजाज्ञेने उघडले.

२६/
राजाश्रय का लागत होता, हे समजून घ्यायला हवे. जोर-बैठकांना पैसा लागत नाही, पण खुराकाला लागतो. दूध, तूप, बदाम, थंडाई हा खर्च शेतमजुराच्या घराला झेपणारा नव्हता. गरीब घरातले गुणी पोर खुराकाअभावी मागे पडे. संस्थानाचा मासिक तनखा म्हणजे त्या पोराची वाटी भरण्याची हमी होती. संस्थाने विलीन झाली तेव्हा ही हमी गेली. मग गाव, जत्रेचे इनाम आणि देणगीदार यांच्यावर तालमी तगून राहिल्या.

२७/
या परंपरेचे सर्वांत प्रसिद्ध अपत्य म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव. कराडजवळचे गोळेश्वर हे गाव, १९२६चा जन्म, वडील स्वतः कुस्तीगीर, घरात पाच भावंडांत धाकटे. १९४८च्या लंडन ऑलिंपिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. मातीवर घडलेला हा तरुण तेथे गादीवर लढला आणि सहावा आला. पुढच्या चार वर्षांत त्याने सराव आणखी वाढवला. नवे नियम अंगवळणी पाडण्यासाठी त्याच्याकडे जुनीच रीत होती.

२८/
१९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी पैसे जमेनात, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ उजाडेपर्यंत थांबावे लागले. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्या करून पैसे जमवले आणि प्राचार्यांचे घर सोडवले. हौद्यात शिकलेली कृतज्ञता हिशोबातही दिसली.

२९/
एक दार मात्र फार काळ बंद राहिले, ते मुलींसाठी. जुन्या तालमीत स्त्रीचा वावर निषिद्ध मानला जाई. ते बंधन २०व्या शतकात हळूहळू सैल झाले, आणि दोरीच्या मल्लखांबाने त्यात मोठा वाटा उचलला. १९२५ साली स्थापन झालेल्या दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात मुले, मुली आणि दृष्टिहीन विद्यार्थी मल्लखांब शिकले. तेथील प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. २०१९ साली शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली.

३०/
ज्या मुलाला दिसत नाही, त्याने खांबावर अढी मारावी, ही कल्पना वरवर धाडसी वाटते. पण विचार करता ती तालमीच्या मूळ तत्त्वाशी जुळते. सवय अंगात रुजते, डोळ्यांत नव्हे. खांब कुठे आहे हे मांडीला कळते, तोल कुठे आहे हे पाठीला कळते. बघून नक्कल करण्याऐवजी स्पर्शाने शिकवावे लागते, म्हणून शिक्षकालाच अधिक धीर धरावा लागतो. दार जितके रुंद झाले, तितकी ही विद्या अधिक खोल झाली.

३१/
आज शहरांत कराटे, ज्युदो, तायक्वांदोचे वर्ग भरतात आणि ‘शिस्त लागते’ म्हणून पालक मुलांना तेथे घालतात. ही अपेक्षा रास्त आहे, पण शिस्त पोशाखातून वा रंगीत पट्ट्यातून येत नाही. हौद्याच्या इतिहासात ती चार ठिकाणांहून येताना दिसते: रोजची ठरलेली वेळ, सावकाश वाढणारा आकडा, जागेची स्वतः राखलेली निगा, आणि हरल्यावर समोरच्याला लावलेला हात. यातले एक जरी गळले, तरी उरते ती फक्त कसरत.

३२/
आणि पाचवी गोष्ट, जिच्याविना पहिल्या चारही अपुऱ्या आहेत, ती म्हणजे दार. मुक्ता साळवेने बंद दाराची भीती लिहून ठेवली. लहुजींनी स्वतःचे दार बांधले, जुम्मादादांनी ते परधर्मीय शिष्याच्या हवाली केले, शाहू महाराजांनी ते सताड उघडले. एखाद्या तालमीची थोरवी मोजायची असेल, तर तिने किती गदा जिंकल्या हे पाहावेच. पण तिच्या खोऱ्याला कोणाकोणाचे हात लागले, हे आधी पाहावे.

(थ्रेड समाप्त. आपल्या गावात, पेठेत जुनी तालीम असेल, तर तिचे नाव, तिच्या वस्तादांची आठवण आणि ती आज चालू आहे की बंद, हे खाली जरूर नोंदवावे. स्थानिक इतिहास अशाच नोंदींतून उभा राहतो.)